बुडाची अक्षरं

गूळ पुन्हा काळा आला.

वाफ्यात ओतलेला पाक निवत गेला तसा त्याचा रंग खाली बसत गेला, आणि उन्हं कलताना तो ओल्या काळ्या मातीसारखा दिसू लागला. रतिलालने खुरप्याने कडेचा तुकडा काढला, जिभेवर ठेवला, आणि खुरपं वाफ्यातच टाकून तो उठला.  विडी ओढायला शेजारच्या शेतातून आलेला शांतीलाल म्हणाला,

"रतिलालभाई, हाऊ गूय शे का डांबर? आपला गावना रस्ता बाकी शे, तठे लाई टाका."

काहिलीखालच्या चुलवाणात उसाचा चोथा सारणारा भिला खाली मान घालून हसला. रतिलालनेही हसून घेतलं. ते हसू त्याच्या ओठांवर मळीसारखं राहून गेलं, नंतर त्यालाच ते पुसावं लागलं.

"चुना कमी पडस," तो म्हणाला. "दुसरं काय?"

रतिलालची बायको रुक्मिणीबाई काहिलीच्या काठाशी उभी होती, हातात पितळी वाटी. शांतीलालचं बोलणं तिच्या अंगावरून गेलं. थंडीचे दिवस, तापीवरून येणारा वारा पाठीला झोंबत होता आणि तोंडावर काहिलीची वाफ. मागून गार, पुढून पोळलेलं. दोन्ही तिला सारखंच लागत होतं.

या गुऱ्हाळात रस निवळला की नाही ते बाईने सांगायचं. रीत रतिलालच्या आईची, तापीबाईची. उकळत्या रसात रानभेंडीचा चीक पडायचा, चुन्याचं नितळ पाणी पडायचं, मग पोटातली सगळी घाण फेस होऊन वर यायची. ती मळी झाऱ्याने काढत राहायचं. पण पुरे कधी म्हणायचं, खालचा जाळ पुरता कधी पेटवायचा? मळी आत असताना जाळ वाढला तर ती पाकात शिजते, आणि गूळ काळा होतो. तापीबाईने माहेरून आणलेल्या वाटीच्या बुडाशी तिचं नाव टोचलेलं होतं. ती वाटी रसात बुडवायची, वर काढून उन्हाकडे तिरकी धरायची. रसातून बुडाची अक्षरं दिसली की म्हणायचं, निवळला. तापीबाईला वाचता येत नव्हतं, रुक्मिणीबाईलाही येत नाही. पण रोज दिसणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखायला कोण शाळेत जातं? वाटी बुडवताना तापीबाई गुणगुणायची, तिच्यामागून रुक्मिणीबाई गुणगुणू लागली:

*उकयस रस माय, मयी उनी काठवर*
*नाव तुन्हं तयमा, दिखू दे घडीभर*

ती घडी गेल्या दिवाळीनंतर पुन्हा आलीच नव्हती. आधी रसातून अक्षरं दिसेनाशी झाली, मग रिकाम्या वाटीतूनही. डोळ्यांवर कुणी दुधाची साय पसरल्यासारखं. माणसं ओळखू यायची ती चालीवरून, आवाजावरून. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तापीबाईचे डोळे गेले तेव्हा तिला ओट्यावर बसवलं होतं, आणि त्या दिवसापासून तिला कुणी काहीच विचारलं नव्हतं. जेवलीस का, एवढंसुद्धा नाही. ताट आणून ठेवायचे. रुक्मिणीबाईनेच आणून ठेवलं होतं.

म्हणून तिने अंगठा वापरायला सुरुवात केली. वाटी भरून घ्यायची, उन्हाकडे धरायची, आणि उजवा अंगठा हळूच रसातून बुडाशी टेकवायचा. टोचलेलं नाव अंगठ्याला लागायचं. लागलं की ती म्हणायची, "निवयना." पोळून पोळून अंगठ्याची कातडी बाभळीच्या सालीसारखी झाली होती. नाव कधीच चुकत नव्हतं. रस गढूळ असो, नितळ असो, अंगठ्याला ते लागायचंच.

आत कुठेतरी तिला हे कळत होतं. पण कळणं एका बाजूला आणि हात एका बाजूला. हात आपलं काम करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रानभेंडी कापायला बांधावर गेली. भेंडी हाताला कळते, खरखरीत लव, चिकट देठ. डोळे लागत नाहीत. तेवढ्यात इकडे गुऱ्हाळावर रतिलालने सुनेला हाक मारली.

"कामिनी, मडकामा नवा चुना टाक. आन चांगलं ढवय. आज काया गूय उना ते मी काहील फोडी टाकसू."

कडुनिंबाखाली चुन्याचं मडकं असायचं. रात्री भिजवलेला चुना सकाळपर्यंत खाली बसायचा आणि वर आरशासारखं पाणी उरायचं. कामिनीने चुन्याचे खडे टाकले, पाणी फसफसलं, तिने काठीने ते तळापासून ढवळलं. सगळं मडकं पांढरंफटक झालं. वर फडकं टाकून ती डबे भरायला गेली.

गुऱ्हाळाच्या कडेला पाचटाच्या झोपडीत भिला आणि त्याची बायको कौसाबाई राहत होते. धडगावच्या वरच्या डोंगरातली माणसं. ऊस सुरू झाला की उतरायची, होळीला परत चढायची. भिला चुलवाण सांभाळायचा, कौसाबाई उन्हात चोथा पसरायची, वाळला की गोळा करून आणायची. त्यांची मुलगी, रुचिका, अंगावर पिणारी. तिची झोळी कडुनिंबाच्या खालच्या फांदीला बांधलेली असायची.

"मोठी माय," दुपारी कौसाबाई तिला काखेत घेऊन आली. "पोर दूध ओकी टाकस. कालदिनपासून."

"आण आठे."

रुक्मिणीबाईने पोरीच्या पोटावर हात फिरवला. पोट फुगलेलं होतं. तिच्या हातून या गुऱ्हाळात किती लेकरं बरी झाली होती. तिची स्वतःची, जावांची, मजुरांची. चुन्याचं वरचं नितळ पाणी, चमच्याचं टोक. तिचा मुलगा हेमकांतही त्यावरच वाढला होता. तिने वाटी घेतली, चाचपडत फडकं बाजूला केलं, वाटी बुडवली. उन्हाकडे धरली. उन्हात तिला पांढरं दिसलं. पण हल्ली तिला सगळंच पांढरं दिसायचं.

अंगठा बुडाशी गेला. नाव होतं.

"निवय शे," ती म्हणाली, आणि चमचा पोरीच्या ओठांना लावला.

पोर रडली नाही. श्वास आत घेतला तो आतच ठेवला. मग बराच वेळाने एक आवाज निघाला, तो रडण्यासारखा नव्हता, ओल्या लाकडातून वाफ निघते तसा.

"चव लागनी तिले," रुक्मिणीबाई म्हणाली. "व्हई बरी."

कौसाबाई चोथा गोळा करायला गेली. गुऱ्हाळ चालू होतं.

रात्री पोरीने दूध घेतलं नाही. सकाळीही नाही. तिच्या ओठांवर पांढरे चट्टे आले, लाळ गळत राहिली, इतकी की कौसाबाईचं पोलकं समोरून ओलं व्हायचं, पुन्हा वाळायचं, वाळून कडक व्हायचं.  एका हाताने पोर धरून दुसऱ्या हाताने ती चोथा उचलत होती.

कामिनीने पोरीचं तोंड बघितलं, मग कडुनिंबाखालचं मडकं बघितलं.  ती सासूजवळ येऊन बसली.

"माय, तुम्ही पोरले काय पाजं व्हतं?"

"निवळी. दरसालले पाजस तीच."

"आबांनी सांगं म्हनीसन मी सकायलेच नवा चुना टाकी ढवयेल व्हता. तुमले पांढरं दिखनं नही?"

रुक्मिणीबाईचे हात भेंडी ठेचत होते. ठेचणी थांबली नाही.

"अक्षरे दिखनात माले," ती म्हणाली.

 सासूच्या नजरेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं आजवर. गावातल्या बायका तूप कढवतानासुद्धा रुक्मिणीबाईला बोलवायच्या, उतरवू का गं म्हणून. कामिनी उठली आणि नवऱ्याला सांगायला गेली. हेमकांत इंजिनाच्या पट्ट्याला मेण लावत होता. त्याने ऐकलं, मेण खाली ठेवलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कोनले सांगू नको. पोलीसनं लफडं व्हई. दवाखानामा लई जाऊत, बस."

पिकअपच्या मागच्या बाजूला भिला, कौसाबाई, कामिनी बसली. रुक्मिणीबाईला कुणी चल म्हटलं नव्हतं. कौसाबाईने तिचा पदर धरला आणि सोडला नाही, म्हणून तीही चढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी उभ्या होत्या, वाऱ्याने फाटलेली पानं फडफडत होती. रुक्मिणीबाईला ती फक्त ऐकू येत होती. कौसाबाईच्या मांडीवर पोर होती, आणि तिचाही तसा काही आवाज नव्हता.

दवाखान्यात मुलांचा डॉक्टर तरुण होता. पाटीवर योगेंद्र असं नाव होतं, कामिनीने वाचलं. त्याने पोरीचं तोंड उघडलं, आत उजेड पाडला, आणि तसाच थांबला.

"किती वेळ झाला ही काही प्यायली नाही?"

"कालपासून," कामिनी म्हणाली.

"काही पाजलंत का? औषध, काढा, कशाची पूड?"

 पंखा फिरत होता. भिला स्वतःच्या पायांकडे बघत होता, पायांवर राख होती.

"साहेब, ही डोंगराकडची माणसं," हेमकांत म्हणाला. दवाखान्यात तो शाळेतलं मराठी बोलायचा. "पाला, मुळी काहीतरी पाजलं असेल यांनीच. सांगत नाहीत."

डॉक्टर कौसाबाईकडे वळला. "बाई, मी रागावणार नाही. खरं सांग. काय दिलंस?"

कौसाबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने रुक्मिणीबाईकडे बघितलं. रुक्मिणीबाईला ते दिसलं नाही, पण पदर ओढला गेला एवढं कळलं. किंचित ओढला गेला, मग सुटला.

"दूध," कौसाबाई म्हणाली. "मन्हंच दूध."

"बरं." डॉक्टर थकल्यासारखा वाटला. "पोटात काहीतरी जायला हवं. नाहीतर संध्याकाळपर्यंत कठीण आहे. मी नाकातून नळी घालतो. सिस्टर."

भांड्यात नळीचा आवाज झाला. रबर पत्र्यावर पडतं तसा. कुणीतरी पोरीचं डोकं धरलं, कौसाबाईच्या बांगड्या वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या.

"मी पाजं," रुक्मिणीबाई म्हणाली.

"माय, चाल भायेर," हेमकांत म्हणाला.

"मी पाजं. चुनानं पानी."

नळी थांबली. "चुन्याचं? कुठल्या चुन्याचं?"

"गुऱ्हायनं. रस निवयाले टाकतस ते."

"वरचं नितळ होतं, की ढवळलेलं?"

इथे तिला एक शब्द पुरला असता. तो शब्द ती रोज म्हणत होती. तिच्या जिभेवर तो होताच, गुळाच्या चिक्कीसारखा दातांना चिकटलेला.

"अंगठाले अक्षरे लागनात," ती म्हणाली.

"काय? मला समजलं नाही, आजी. तुम्ही बघितलं होतं का पाणी? कसं दिसत होतं?"

"माले दिखस नही."

हेमकांतने काहीतरी म्हटलं, ते अर्धंच राहिलं.

"गयी दिवाईपासून दिखस नही," ती म्हणाली, आणि मग तिला थांबता आलं नाही. आवाज वर गेला नाही, खाली गेला नाही. काहिलीतला पाक तारेवर आला की पळीवरून जसा एकसारखा ओघळतो तशी ती बोलत राहिली. वाटीचं सांगितलं, तापीबाईच्या नावाचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं. गूळ काळा का येतो तेही सांगितलं. चुन्याने नाही, उसाने नाही, पाण्याने नाही. मी निवळला म्हणते म्हणून. "निवयेल ऱ्हास नही, तरी मी म्हनस."

डॉक्टरने तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला असावा. वाऱ्याची हालचाल तिला जाणवली.  

"ढवयेल व्हतं, साहेब," कामिनी म्हणाली. तिचं शाळेतलं मराठी सुटलं होतं. "सकायलेच मी ढवयेल व्हतं. पांढरंफक व्हतं."

नळी परत भांड्यात पडली. "घसा आतून भाजलाय," डॉक्टर म्हणाला. "नळी घातली असती तर फाटला असता. आता काही घालायचं नाही, ओकवायचं नाही. सलाईन लावतो. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच. आत बघायची सोय तिथे आहे. मी चिठ्ठी देतो, चुना लिहितो त्यात. हे सांगितलंत ते बरं केलंत."

कुणाला उद्देशून तो बोलला ते रुक्मिणीबाईला कळलं नाही. तिला काही वाटलंही नाही. पदर मोकळा होता. तो पुन्हा धरेल म्हणून कौसाबाई गाडीत बसेपर्यंत ती वाट बघत राहिली. कौसाबाई, भिला आणि हेमकांत पोरीला घेऊन धुळ्याच्या वाटेला लागले. कामिनीने सासूचा हात धरून तिला एसटीत चढवलं. पायरी दाखवावी लागली. आजवर लागत नव्हती.

गुऱ्हाळावर रतिलाल वाट बघत होता. कामिनीनेच त्याला सगळं सांगितलं, उभ्याउभ्या. तो काहिलीकडे गेला, थंड राखेत काठी खुपसून उभा राहिला. रुक्मिणीबाईकडे न बघता म्हणाला, "माले सांगती ते काय झाई जातं?"

तिला उत्तर होतं. तुमची आई ओट्यावर बसायची, आठवतं?  ती ओट्यापर्यंत चालत गेली आणि बसली. जागा तीच होती. भिंतीला पाठ लागते तिथे चुना पुसट झालेला होता, तापीबाईच्या पाठीने. हाताने चाचपून बघितलं तेव्हा तिला तो खळगा कळला.

दोन-चार दिवस गेले. चुलवाणाला भिलाच्या जागी नवा मजूर भटू आला, खोकत चोथा सारायचा. वाटी कामिनीकडे गेली. पहिल्या दिवशी रस उकळत असताना रतिलालने सवयीने ओट्याकडे बघून विचारलं, "निवयना का?" आणि मग आपणच कामिनीकडे वळला. कामिनीने वाटी उन्हाकडे धरली.

"आजून नही, आबा."

मळी काढणं चालू राहिलं. रुक्मिणीबाई ओट्यावरून झाऱ्याचा आवाज ऐकत होती. इतका वेळ ती कधी थांबली नव्हती. तिला वाटायचं आता म्हणेल, आता म्हणेल. कामिनी म्हणत नव्हती. शेवटी ती म्हणाली तेव्हा जाळ पेटला, आणि त्या काहिलीचा गूळ पिवळा आला. शांतीलाल आला, चाखला, म्हणाला, "हाई बराबर." रतिलालने एक तुकडा कामिनीच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. ओट्यावर कुणी आणून दिला नाही. संध्याकाळी ताट आलं, ताटाच्या कडेला गूळ होता. तिने तो ओठांना लावला. गोडच होता. तिने तो परत ताटात ठेवला.

हेमकांत धुळ्याहून परतला. ऊस पुढच्या वर्षी कारखान्याला देऊ, हे सगळं बंद करू, असं त्याने बापाला सांगितलं.  मग तो आईजवळ आला. "डोयानं ऑपरेशन करी लेऊत, माय. होयीना सन झाया का." ती हं म्हणाली. त्याच्या पायाचा आवाज दूर गेला. पोरीबद्दल त्याने काही सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी शेअर जीप थांबल्याचा आवाज आला. मग पाचटावरून पावलं. भिलाची चाल तिला ओळखू आली. आणि एक बारीक, घसा खरवडलेला आवाज. रडणं. पोरीचं रडणं.

रुक्मिणीबाई ओट्यावरून उठली आणि पुन्हा बसली.

"मोठी माय," कौसाबाईचा आवाज समोर आला. जवळ नाही, दोन हात लांब. "पानी दे. पोरना घसा सुकी गया. वाटमा काही पाजं नही."

"जावू दे, कामिनीले सांग..."

कामिनी शेतात होती. कौसाबाई तिथेच उभी राहिली. पोर रडत होती.

रुक्मिणीबाई आत गेली. उकळून निवलेलं पाणी माठाशेजारच्या हंड्यात होतं, कामिनीने फडक्यातून गाळलेलं. हंड्यावर कामिनीने ठेवलेली तीच पितळी वाटी तिने भरली. चालताना सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली. उजवा अंगठा आपोआप काठावरून आत वळला. पाण्याला लागला. तिने तो बाहेर काढला आणि पदराला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

तिने वाटी पुढे केली, चमच्यासकट. कौसाबाईने ती घेतली.

पाणी लगेच पाजलं गेलं नाही. पोरीच्या रडण्याखेरीज रुक्मिणीबाईला काही ऐकू येत नव्हतं. नंतर तिला कळलं, कौसाबाईची सावली तिच्या तोंडावरून सरकली होती. उन्हाकडे वळली होती ती. वाटी तिरकी धरून बघत होती, बुडाशी, खूप वेळ. तिथे कोणतं नाव होतं ते कौसाबाईला ठाऊक नव्हतं.

"दिखस?" रुक्मिणीबाईने विचारलं.

 कौसाबाईने आधी स्वतः एक घोट घेतला. तो गिळल्याचा आवाज आला. मग चमचा वाटीच्या काठावर वाजला.

 पोर थांबली. मग गळ्यातून एक बारीक गुटुक आवाज, पाण्याचा, आणि मागून थोडं कण्हणं. पुन्हा चमचा वाजला. पुन्हा गुटुक. कण्हणं कमी झालं. कुठूनतरी इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, त्याखाली ते पुढचे घोट बुडून गेले.

"दिखस," बऱ्याच वेळाने कौसाबाई म्हणाली.

तिने वाटी परत दिली नाही. ओट्याच्या कडेवर ठेवली. पितळ दगडावर टेकल्याचा आवाज रुक्मिणीबाईला आला, आणि पावलं झोपडीकडे गेली. आवाज कुठून आला होता त्या अंदाजाने तिने हात पुढे केला. वाटी हाताला लागली नाही. ती दगडावरून हात सरकवत राहिली.